मदत हवी आहे: मुलाचं नाव 'केशव' ठेवायचंय, पण घरातल्या दोघी ते उच्चारणार नाहीत

मंडळी, बाळ आज सहा दिवसांचं आहे, पहाटेचे साडेतीन वाजलेत, आणि डाव्या हातावर त्याला घेऊन उजव्या अंगठ्याने हे टाइप करतेय. शुद्धलेखन चालवून घ्या.

पहिलं बाळंतपण, माहेरी सांगलीला. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे हातात जेमतेम सहा दिवस. पत्रिका करणाऱ्या काकांनी पुनर्वसूचा पहिला चरण सांगितला, अक्षर 'के'. एरवी मी अक्षराबिक्षराच्या भानगडीत पडले नसते, पण हे कळताच सासरे फोनवर म्हणाले, "मग तर ठरलंच की. केशव." त्यांच्या वडिलांचं नाव.

मला नाव मनापासून आवडलंय. तीन अक्षरं, जोडाक्षर नाही. पोराला जावळ इतकं दाट आहे की नर्सबाईंनी बाहेर आणून दाखवताना "मुलगा झाला"च्या आधी "केस बघा केस" म्हटलं होतं. शिवाय एक व्यवहारी कारण. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचंय. माझं नाव चार अक्षरी, नवऱ्याचं चार अक्षरी, आडनाव शेवटी 'कर' असलेलं लांबलचक. पुढे दत्तात्रय किंवा पुरुषोत्तम लावलं तर परीक्षेत नाव लिहितानाच पहिला टोल पडेल.

नणंदेचा विरोध आहे. "वहिनी, वर्गात सगळे विहान, अथर्व, रियांश, आणि हा केशव? पहिल्याच दिवशी केश्या होईल." तिने कियान, केयांश, केयूर अशी यादी पाठवलीय. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, त्यामुळे तिला डावलून चालत नाही.

पण खरी अडचण आजेसासूबाईंची. वय ९१, कान तिखट, लसूण अजून स्वतः सोलतात. त्यांनी जन्मात नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढलेलं नाही. माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत बघितलं, विठोबाच्या आरतीत त्या सगळं खणखणीत म्हणत होत्या, शेवटी 'केशवासी' आलं तशा ओठ मिटले, नुसती टाळी वाजवली, आणि 'नामदेव'पासून पुन्हा सुरू. मला वाटलं, विसरल्या. नंतर स्वयंपाकघरात सासूबाईंनी सांगितलं. आजोबांना जाऊन अठरा वर्षं झाली, तरी बँकेत कुणी पतीचं नाव विचारलं की त्या पासबुक पुढे सरकवतात.

आणि सासूबाईंचे तर ते सासरे. "उद्या हा कपाटावर चढला तर 'केशव, उतर खाली' असं कुठल्या तोंडानं म्हणू मी?" असं त्या विचारतात. चेष्टेत म्हणतात, पण पूर्ण चेष्टेत नाही.

म्हणजे पणजी हाक मारणार नाही, आजी रागावणार नाही, आत्याला पटलेलं नाही. तरी ठेवावं का? नाव फार म्हातारं वाटतं का? कुणाच्या घरी असा पेच झाला असेल तर काय केलंत, सांगा.

—

शेंगदाणा_चटणी
अभिनंदन! अलीव घेताय ना वेळेवर?

आमच्याकडे हेच झालं होतं. भावाला आजोबांचं नाव ठेवलं, पण आई सासऱ्यांच्या नावाने धपाटा कसा घालणार, म्हणून घरात तो 'आबा'. चाळिशी आली, अजून आबाच. खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर. कितीतरी घरांत तीन वर्षांची अण्णा, अप्पा, दादासाहेब मंडळी असतात ती याचमुळे. बिनधास्त ठेवा, घरचं नाव आपोआप पडतं.

—

पाणिनीचा_शेजारी
'केश' शब्दाला 'व' प्रत्यय लागून केशव, म्हणजे सुंदर वा विपुल केसांचा. 'केशाद्वोऽन्यतरस्याम्' असं पाणिनीचं सूत्रच आहे. दुसरा अर्थ कथेतला. घोड्याचं रूप घेऊन गोकुळात आलेल्या केशी दैत्याच्या तोंडात कृष्णाने हात घालून त्याला मारलं, म्हणून केशव. संध्येत आचमनाला पहिलं नाव हेच येतं, आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञ कसा ओळखावा हे अर्जुन विचारतो तेही 'केशव' अशी हाक मारून.

तुमच्या नर्सबाईंना व्याकरण येत होतं म्हणायचं.

—

कट्ट्यावरचा_उपरा
एक गंमत लक्षात आलीय का? मराठीत हे नाव गाजलं ते बरंचसं मधल्या जागेवर. धोंडो केशव कर्वे. प्रल्हाद केशव अत्रे, आणि कविता लिहिताना त्यांनी घेतलेलं टोपणनाव 'केशवकुमार'. मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले तर 'केशवसुत' म्हणूनच अमर झाले. म्हणजे पोरांनी नाव काढलं आणि बापाचं नाव पुढे आलं. पहिल्या जागेवरचे केशवही आहेत म्हणा, संगीत रंगभूमीवरचे केशवराव भोसले, प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे. तुमच्या चिरंजीवांची सोय दोन्हीकडून आहे.

—

मीच_तो_केशव
मी स्वतः केशव, वय ४४, म्हणून माझं मत दीडपट धरा. शाळेत केश्या झालो, खोटं कशाला बोलू. पण विश्वासचा विश्या आणि अथर्वचा अथ्या होतोच, 'या' प्रत्यय कुणालाच सोडत नाही. कॉलेजात 'केशवराव' झालो, ते आवडायचं. नंतर बंगळुरूला नोकरी. टीममधले तामिळ सहकारी 'केसवन' म्हणायचे. हिंदीवाल्यांना नाव बरोबर जमतं. स्पेलिंग फोनवर एकदाही दोनदा सांगावं लागलेलं नाही, आणि हे सुख काय असतं ते कियांशच्या आईला विचारा.

तोटा एकच. आता टक्कल पडलंय. नावाचा अर्थ माहीत असलेले लोक डोक्याकडे बघून हसतात.

—

सरकारी_टेबल
एक कामाचं सांगतो. बारशाच्या घाईत जन्मनोंदणीत नाव चढवू नका. जन्म २१ दिवसांत नोंदवायचा असतो, रुग्णालयात झाला असेल तर ते कळवतात. पण नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद होते. नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव फी न भरता घालता येतं, त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणून आधी महिनाभर घरात हाक मारून बघा. एकदा चढलेलं नाव बदलणं फार कटकटीचं असतं, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांचं शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत सगळं त्या एका दाखल्यावर चालतं. आईचं नाव मात्र स्पेलिंगसकट तपासून घ्या.

—

लोणच्याची_बरणी
बाकी सगळं ठीक, पण ज्यांचं नाव आहे त्यांच्या बायकोला कुणी विचारलंय का? सासरे, नणंद, काका, सगळ्यांची मतं वाचली. आजींचं मत धाग्यात कुठेच नाही.

—

धागालेखिका
सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देणं शक्य नाही, बाळ अर्ध्या तासाच्या वर झोपत नाही. लोणच्याची बरणी, तुमचा प्रतिसाद वाचून लाजच वाटली. त्याच दुपारी आजींना फोन लावला. म्हटलं, सगळे तुमच्या यजमानांचं नाव ठेवायचं म्हणतायत, तुम्हाला चालेल का? तिकडे थोडा वेळ नुसता टीव्हीचा आवाज. मग म्हणाल्या, "ठेवा की. मला हाक मारता येत नाही म्हणून पोराला बिननावाचं ठेवणार का?" आणि लगेच डिंकाच्या लाडवात खारीक किती घातली ते विचारायला लागल्या.

काल बारसं झालं. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करून बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं, नणंदेने कानात कुर्र करून 'केशव' सांगितलं (कियान हे दुसरं नाव म्हणून हळूच पुढे सरकवलंच). आजी गाडीने एवढ्या लांब आल्या होत्या. नाव ठेवून झाल्यावर त्यांना खुर्ची पाळण्याजवळ दिली. पोराने नेमका भोकाड पसरला. आजी वाकल्या, दोरी धरली आणि म्हणाल्या, "अहो! रडताय कशाला, बघा तरी इकडं."

अख्खं घर हसलं. सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. पोरगं खरंच गप्प झालं.

नोंदणीचा रकाना तूर्त मोकळा आहे, सरकारी टेबल यांचं ऐकून. पण कालपासून नवरा, नणंद आणि आज तर दूधवाल्या काकांनीही बाळाला 'अहो' म्हणायला सुरुवात केलीय. हे नाव पक्कं होण्याआधी कुणाकडे काही उपाय असेल तर लगेच सुचवा.