'शाळा' शोधलं की 'शेळी'ही येते: स्वतःच्या टिपणांसाठी मराठी शोध कसा बसवावा?

पानखुणा

मंडळी, जरा सविस्तर लिहितो. नेमकं कुठे अडलंय ते त्याशिवाय कळायचं नाही.

मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. दिवसभर जावा, मेसेजच्या रांगा, लॉग, मधूनमधून ऑन-कॉलची पाळी. कामात मन रमतं, तक्रार नाही. पण रात्री जेवणं उरकली की माझा जिव्हाळ्याचा उद्योग सुरू होतो: वाचलेल्यातलं जे मनात राहिलं ते टाइप करून ठेवायचं. जुने दिवाळी अंक, प्रवासवर्णनं, आमच्या तालुक्याच्या वाचनालयातली कुणी हात न लावलेली आत्मचरित्रं, अगदी साखर कारखान्यांच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकासुद्धा. कारखान्याच्या पहिल्या चिटणीसाने स्मरणिकेत लिहिलेला एखादा परिच्छेद असा काही असतो की तो कपाटात पडून राहावा हे मनाला पटत नाही. परिच्छेद, खाली पुस्तक नि पान, आणि तेव्हा मला काय वाटलं ते दोन ओळींत. बस.

हे सगळं घरच्या एका जुन्या लॅपटॉपवर आहे. त्यावर डेबियन लिनक्स, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल आणि पायथनची छोटी स्क्रिप्ट. शोधासाठी एसक्यूलाइटचीच एफटीएस५ ही मजकूर शोधायची सोय वापरतो. टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, 'युनिकोड६१', जो न सांगता मिळतो तोच.

आता अडचण. टिपणं थोडी होती तोवर शोध झकास वाटायचा. 'शाळा' टाकलं की 'शाळेत', 'शाळेला', 'शाळांमधून' सगळं यायचं. विभक्तीसुद्धा ओळखतंय म्हणून मी खूश होतो. टिपणं वाढली तसं त्याच 'शाळे'बरोबर 'शेळी' यायला लागली. मग 'शिळा', मग 'शीळ'. 'काल' शोधलं तर 'किल्ला' आणि 'मुकुल'. शोधलेला शब्द मी चौकटी कंसात दाखवतो. टर्मिनलवर तो असा दिसतो: कंसात 'शाळ' एवढंच, आणि शेवटचा काना कंसाबाहेर, ठिपक्यांच्या गोलाला लटकलेला.

दुसरं, यादी लावताना 'काळ' हा 'कावळा'च्या आधी येतो. माझ्या आईने वाचनालयात कार्डं लावली आहेत, ती म्हणते ळ शेवटी. तिचं बरोबर आहे.

पोस्टग्रेससारख्या मोठ्या डेटाबेसकडे जावं का? एका माणसाच्या टिपणांना एवढा सरंजाम नको वाटतो, पण गरज असेल तर करीन. आणि जाता जाता: तुम्ही लोक रात्री काय वाचता? कामाच्या बाजूचं, पण कामाचं नव्हे असं.

टर्मिनलवाली

पोस्टग्रेस नको. तो कंसाबाहेर पडलेला काना सगळं सांगतोय, तिथूनच धरू.

युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. अक्षरं 'एल' वर्गात, आकडे 'एन' वर्गात, आणि अक्षराला चिकटून येणारी चिन्हं 'एम' वर्गात. आपला काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याचं चिन्ह हे सगळे 'एम'. युनिकोड६१ आपणहून फक्त 'एल', 'एन' आणि खासगी वापरासाठी राखलेली चिन्हं एवढ्यांनाच शब्दाचा भाग मानतो. बाकी जे काही येईल तो त्याच्या लेखी दुभाजक, स्वल्पविरामासारखा.

म्हणजे तुमची 'शाळा' इंडेक्समध्ये, शोधाच्या सूचीत, गेली ती 'श' आणि 'ळ' असे दोन शब्द होऊन. 'शेळी' गेली तीही 'श' आणि 'ळ'. शोधताना 'शाळा'चे पुन्हा तेच दोन तुकडे होतात आणि 'श'नंतर लगेच 'ळ' कुठे आहे ते बघितलं जातं. 'शाळांमधून' म्हणजे श, ळ, मध, न. त्यात ते सापडतं. 'किल्ला' म्हणजे क, ल, ल. त्यात 'काल'चे क, ल बसतात. विभक्ती वगैरे काही ओळखलेलं नाही, सगळे स्वर पुसून टाकलेत म्हणून तसं वाटलं. थोड्या मजकुरावर हे लक्षात येत नाही हाच त्यातला घातक भाग. मराठी मजकुरावर चालणाऱ्या कितीतरी ठिकाणी हे असंच पडून असणार, कारण 'काहीच सापडत नाही' अशी तक्रार कधी येत नाही.

उपाय एका ओळीचा आहे. एफटीएस५चं टेबल बनवताना टोकनायझरला 'कॅटेगरीज' नावाचा पर्याय देता येतो. त्यात नेहमीच्या वर्गांबरोबर 'एम'मधले 'एमएन' आणि 'एमसी' हे दोन्ही पोटवर्ग घाला. दोन्ही म्हणते, कारण काना आणि वेलांटी 'एमसी'त आहेत, तर उकार, मात्रा, अनुस्वार 'एमएन'मध्ये. एकच घातलात तर अर्धे शब्द तुटलेलेच राहतील. टोकनायझर बदलला की ते टेबल नव्याने उभं करावं लागतं. मूळ टिपणं वेगळ्या टेबलात असतील तर पाच मिनिटांचं काम.

यानंतर 'शाळा' शोधलं की फक्त 'शाळा' येईल, 'शाळेत' येणार नाही. मग 'शाळ' लिहून पुढे तारांकन द्या, म्हणजे 'शाळ'ने सुरू होणारं सगळं येईल. त्यात 'शाळू' आणि 'शाळिग्राम'ही येतील, पण ती माणसाला पटणारी गफलत आहे. एफटीएस५मध्ये तीन-तीन चिन्हांचे तुकडे करणारा 'ट्रायग्राम' टोकनायझरही आहे, शब्दाच्या मधला भाग शोधायला तो बरा पडतो. तुमच्या कामाला मी आधीचाच घेईन.

ळचं कारण साधं आहे. एसक्यूलाइट न सांगता बाइटच्या क्रमाने लावतं, आणि युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलाय. मराठी वर्णमालेचा क्रम हवा तर पायथनमध्ये निरनिराळ्या भाषांचे क्रम जाणणारी आयसीयू लायब्ररी घ्या, तिला मराठी लोकेल (भाषेची निवड) द्या, आणि तिची तुलना एसक्यूलाइटला कोलेशन, म्हणजे क्रम लावायचा नियम, म्हणून जोडा. क्ष आणि ज्ञ कुठे लावायचे याचे मात्र कोशाकोशांत वेगळे पायंडे आहेत, तिथे आईंना विचारून ठरवा.

पानखुणा

बदल केला, इंडेक्स नव्याने बांधला, आणि शेळी गेली! मनापासून आभार. त्या कंसातून एवढं निघेल असं वाटलं नव्हतं.

पण आता एक नवीनच दिसतंय. 'वाऱ्यावर' शोधलं की मी स्वतः टाइप केलेली टिपणं येतात, आणि जालावरून चिकटवलेले उतारे येत नाहीत. डोळ्यांना दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. 'ॲ'ने सुरू होणाऱ्या शब्दांचंही तसंच.

मुद्रितशोधक

इथे माझं काम येतं. मी प्रुफं तपासतो आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणून देतो, त्यामुळे हे रोज हाताखालून जातं.

'वाऱ्यावर'मधला तो आडव्या रेघेचा र दोन पद्धतींनी लिहिलेला सापडतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे य. दुसरी, साधा 'र', त्याचा पाय मोडायचा, मग न दिसणारा जोडक म्हणजे झिरो विड्थ जॉइनर, आणि मग य. ही दुसरी रीत युनिकोड २.०च्या काळातली. जुना मजकूर अडू नये म्हणून प्रमाणात ती आजही चालू ठेवली आहे, आणि कुठला कीबोर्ड काय उमटवतो यावर सगळं अवलंबून. दिसायला एकच, बाइट वेगळे. तो जोडक 'एल'ही नाही, 'एम'ही नाही, म्हणून टर्मिनलवालींनी सांगितलेला बदल करूनसुद्धा तुमचा शब्द नेमका तिथेच तुटतो.

'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. राज्य शासनाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले ते २००९ मध्ये. त्याआधी लोक 'अ'वर चंद्र बसवत, आणि तो नीट बसावा म्हणून मध्ये तोच जोडक घालत. जालावर असा मजकूर ढिगाने आहे.

एनएफसी नावाचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लिखाणं एकसारखी करणं, ते करून घ्या, पायथनमध्ये ते आहेच. पण त्याच्यावर विसंबू नका. र आणि खालचा नुक्ता असे सुटे असतील तर ते त्यांचा 'ऱ' करतं. जोडकवाल्या 'र'ला हात लावत नाही, 'ॲ'च्या जुन्या रूपांनाही नाही, आणि 'अ'पुढे काना देऊन केलेल्या 'आ'लाही नाही. जुन्या डीटीपी फाँटमधून बदलून आणलेल्या मजकुरात हा शेवटचा प्रकार मी वारंवार पाहतो. या बदलांची यादी स्वतःच करावी लागते, पण ती छोटी असते.

आता ज्याबद्दल मला खरोखर कळकळ आहे ते. तुम्ही दिवाळी अंक आणि आत्मचरित्रं म्हणालात. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्याआधीच्या छपाईत 'नाहीं', 'कां', 'केलें', 'घरांत' असंच असणार. 'नाही' शोधून 'नाहीं' मिळायला हवं, बरोबर. पण त्यासाठी टिपणातला अनुस्वार खोडू नका. लेखकाने आणि त्या छापखान्यातल्या जुळाऱ्याने तो बसवला होता, तो तसाच राहू दे. मूळ मजकूर एका रकान्यात जसाच्या तसा ठेवा आणि शोधासाठी शेजारी दुसरा रकाना करा. काय सपाट करायचं ते त्या दुसऱ्यातच. वापरणाऱ्याने टाकलेला शब्दही शोधण्याआधी त्याच गाळणीतून न्या, नाहीतर दोन्ही जुळायचे नाहीत.

सपाट करतानाही जपून. शब्दाच्या शेवटचे सरसकट सगळे अनुस्वार काढलेत तर आपलं बोलीतलं 'केलं' हे 'केल' होऊन बसेल. मी काना, दुसरी वेलांटी किंवा मात्रा यांच्या पुढचाच शेवटचा अनुस्वार काढतो. नुसत्या व्यंजनावरचा ठेवतो. 'घरांत'सारखे मधले अनुस्वार सोडून देतो. 'घरांत'चं 'घरात' करणारा नियम 'अंत'लाही सोडणार नाही, आणि हे यंत्रावर सोपवावं असं मला वाटत नाही.

रात्रपाळी

शोधाचं दोघांनी उत्तम सांगितलंय. मी सर्व्हरची माणूस, म्हणून फक्त त्या लॅपटॉपबद्दल.

जुना लॅपटॉप निवडलात हे छान. वीज गेली तरी बॅटरी धरून ठेवते. आमच्या भागात गुरुवारी वीज जातेच. पण बॅकअप कसा घेता ते लिहिलं नाहीत. चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करत असाल तर ते आजच थांबवा. कॉपी चालू असताना मधेच काही लिहिलं गेलं तर अर्धी पानं जुनी आणि अर्धी नवी अशी फाइल हातात येते, आणि ते कळतं थेट ती वापरायची वेळ आल्यावर. डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये नोंदवण्याची रीत) लावला असेल तर नुकतं लिहिलेलं शेजारच्या वेगळ्या फाइलमध्येही असतं, ती मागे राहिली की तेवढी टिपणं गेली. एसक्यूलाइटच्या कमांडमध्ये 'बॅकअप' आहे, ती वापरा. रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालवा, ती प्रत घराबाहेरच्या एखाद्या यंत्रावर टाका, आणि महिन्यातून एकदा ती उघडून एखादा शब्द शोधून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर माझा काडीचा विश्वास नाही. डेटाबेस घरच्या नेटवर्क ड्राइव्हवर ठेवायचा मोह झाला तर एक ध्यानात असू द्या: डब्ल्यूएएलला सगळ्या प्रोसेस एकाच यंत्रावर लागतात.

वाचनाचं विचारलंत. माझं उत्तर याच विषयातलं आहे. एसक्यूलाइटच्या संकेतस्थळावर 'डेटाबेस फाइल कशी बिघडवता येते' यावर एक अख्खं पान आहे. आपल्याच वस्तूचे मर्मबिंदू बनवणाऱ्यांनी इतक्या शांतपणे, एकेक करून लिहून ठेवलेले मी दुसरीकडे फार कमी पाहिले. रात्री सर्व्हर गप्प असतात तेव्हा मी ते आणि त्यांचं चाचण्यांवरचं पान वाचते. चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली हे बाहेर आणलं आणि सगळ्यांसाठी खुलं करून टाकलं. कोडच्या फाइलींवर जिथे परवान्याचा मजकूर असतो तिथे त्यांनी वाचणाऱ्याला शुभेच्छा लिहिल्या आहेत: हातून भलं होवो, स्वतःला आणि इतरांना क्षमा करता येवो, आणि घेण्यापेक्षा देणं कमी न पडो अशा अर्थाच्या. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मी पुढचा कोड वाचायचा थांबले होते.

दुसरं म्हणजे सुरुवातीचे आरएफसी, इंटरनेटच्या घडणीतली क्रमांकवार टिपणं. पहिला एप्रिल १९६९चा, स्टीव्ह क्रॉकर यांचा. तेव्हा ते लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात विद्यार्थी होते. त्याच महिन्यातला तिसरा तुम्ही नक्की वाचा. टिपण कसं लिहावं एवढाच त्याचा विषय, जेमतेम दोन पानं. त्यात म्हटलंय की टिपण घोटून घोटून सुबक करण्यापेक्षा ते वेळेवर यावं, कच्चा विचारही चालेल. ज्यावर पुढे इंटरनेट उभं राहिलं ती कागदपत्रं इतक्या मोकळ्या मनाने सुरू झाली.

पानखुणा

सगळ्यांचे आभार. दोन रकान्यांचं मुद्रितशोधकांचं म्हणणं लगेच अमलात आणलं. 'वाऱ्यावर' दोन्ही पद्धतींनी लिहिलेलं सापडतंय, आणि 'नाही' टाकल्यावर एका जुन्या आत्मचरित्रातला 'नाहीं'वाला उतारा वर आला, जो मी टाइप करून पार विसरलो होतो. मास्तरीण म्हणून रुजू व्हायला गेलेल्या बाईंना गावात भाड्याने खोली मिळत नाही, असा तो प्रसंग आहे. तेव्हा त्याखाली मी फक्त 'पुन्हा वाचणे' एवढंच लिहून ठेवलं होतं. आज पुन्हा वाचला.

क्ष आणि ज्ञ शेवटी, ळच्या पुढे. आईने विचार करायलाही वेळ घेतला नाही.

रात्रपाळी, बॅकअपची कमांड क्रॉनमध्ये घातली आहे. प्रत बहिणीच्या घरच्या यंत्रावर जाईल. तिसरा आरएफसी उघडून ठेवलाय.

मुद्रितशोधक, तुमची ती बदलांची छोटी यादी इथे टाकाल का? वाचनालयाची कार्डंही यातूनच न्यायचा विचार आहे, आणि त्यांत पन्नास वर्षांतली निरनिराळ्या हातांची लेखनपद्धत आहे.

मुद्रितशोधक

टाकतो, रविवारी. कार्डं टाइप करताना मात्र एक करा: ज्या कार्डावर जे लिहिलंय तेच टाइप करा, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असलं तरी.