रात्रीचं विमान: जेवण घ्यावं की थेट झोपावं?

प्रश्न – सामानसुमान

रात्री साडेदहाचं विमान आहे, इकॉनॉमी. प्रवास सात तासांचा. उतरायचं तिथलं घड्याळ पाच तास पुढे, म्हणजे पोचायची स्थानिक वेळ सकाळी साडेदहा. दुपारी दोनला मीटिंग आहे, त्यामुळे थोडी तरी झोप हवीच. विमानात रात्रीचं जेवण आणि उतरण्याआधी नाश्ता, असं दोन्ही देणार आहेत. काय घ्यावं, काय सोडावं? सोडायचं असेल तर क्रूने उठवू नये म्हणून काय करतात? सोबत वडील आहेत. त्यांना मधुमेहाच्या गोळ्या आणि जेवणाआधी इन्सुलिन चालू आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

उत्तर – तिसरी रांग

आधी हिशेब मांडा. वेळापत्रकातले सात तास गेट ते गेट असतात. धावपट्टीपर्यंत जाणं-येणं वजा केलं की हवेतले साधारण साडेसहा उरतात. उड्डाणानंतर सीटबेल्टचा दिवा विझायला १५-२० मिनिटं आणि ट्रॉली निघायला आणखी अर्धा तास. मग पेयं, मग ट्रे, मग रिकामे ट्रे गोळा करणं. केबिनचे दिवे मंद होईपर्यंत दोन तास सहज जातात. नाश्त्यासाठी दिवे पुन्हा लागतात ते उतरण्याच्या दीड तास आधी. मधले उरले तीन तास, आणि ट्रे उचलल्यावर सगळे एकदमच टॉयलेटकडे वळतात, तो वेळ यातूनच जातो.

दोन्ही सोडलं तर सीटबेल्टचा दिवा विझल्यापासून ते उतरण्याआधी सीट सरळ करायला सांगेपर्यंत साडेपाच तास मिळतात. ट्रेमध्ये काहीही असलं तरी मी त्यासाठी अडीच तास देणार नाही. सात तासांच्या विमानात जेवण सोडा, झोप घ्या.

पण उपाशीपोटी चढू नका, भुकेने मध्यरात्री जाग येते. अकराच्या सुमारास डोळे मिटायचे असतील तर साडेआठपर्यंत विमानतळावर जेवून घ्या. पोट रिकामं व्हायला दोन-तीन तास लागतात, आणि अर्धवट कललेल्या सीटवर भरल्या पोटाने आडवं झालं की आंबट ढेकर येतात. कडधान्यं, कोबी, कांदा आणि फसफसणारी पेयं टाळा. केबिनमधला दाब समुद्रसपाटीचा नसतो. तो जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीइतका विरळ असू शकतो (नव्या काही विमानांत ६,००० फुटांच्या आसपास). ८,००० फुटांना पोटातला वायू जमिनीच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. पोट टम्म झाल्याची तक्रार बरेच जण विमानातल्या जेवणाच्या नावावर खपवतात, पण चूक बहुधा चढण्याआधीच्या जेवणाची असते.

कॉफी-चहा दुपारी तीननंतर बंद. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला पाच-सहा तास लागतात.

उत्तर – खिडकीशेजारी

क्रूने उठवू नये यासाठी:

चढतानाच तुमच्या बाजूच्या क्रूला सांगा, "जेवण नको, नाश्ताही नको, उठवू नका." ट्रॉली निघाल्यावर सांगितलं तर ते एकाच व्यक्तीच्या लक्षात राहतं, आणि नाश्त्याला दुसरीच व्यक्ती येते. काही कंपन्या "उठवू नका"चे स्टिकर देतात. मिळालं तर सीटच्या डोक्याशी लावा.

सीटबेल्ट पांघरुणाच्या वरून लावा. हलके हादरे सुरू झाले की क्रू प्रत्येकाचा बेल्ट तपासतो, आणि तो पांघरुणाखाली असेल तर उठवण्यावाचून त्यांना पर्याय नसतो. जेवण नाकारूनही झोप मोडते ती बहुतेक वेळा इथेच.

दुसरी अडचण सीटची. जेवण वाटताना मागच्याला ट्रे उघडता यावा म्हणून सीट सरळ करायला सांगतात, तुम्ही जेवत नसलात तरी. म्हणून पहिला तासभर सीट सरळ ठेवूनच झोपायची तयारी ठेवा. मानेची उशी पुढून, हनुवटीखाली आधार येईल अशी लावली तर मान पुढे पडत नाही. शेवटच्या रांगेतली सीट मिळाली तर मागे कोणी नसतं, पण ती पुरती कलत नाही आणि गॅलीचा (विमानातल्या स्वयंपाकघराचा) उजेड तोंडावर येतो. बाळाचा पाळणा लावायच्या भिंतीसमोरच्या रांगाही टाळा.

उत्तर – उपवासाला विरोध

वरचं सगळं सात तासांसाठी बरोबर. पण हाच नियम दहा-बारा तासांच्या प्रवासाला लावू नका. तिथे पहिलं जेवण घेऊनही सहा-सात तास शांत मिळतात. नाकारलं तर चौथ्या तासाला भूक लागते आणि तोवर गॅलीत बिस्किटं नि सुका खाऊच उरलेला असतो. नंतर मागितलं तर जेवण मिळेलच असं नाही. एकदा गरम केलेली डिश अन्नसुरक्षेमुळे तासन्‌तास ठेवत नाहीत.

जेवायचंच असेल आणि लवकर हवं असेल तर स्पेशल मील नोंदवा (कमी मीठ, व्हीगन, फळांचं वगैरे). बहुतेक कंपन्यांना २४ ते ४८ तास आधी कळवावं लागतं. ही डिश ट्रॉलीच्या आधी हातात येते. यातली मेख कोणी सांगत नाही: जेवण लवकर येतं, पण रिकामा ट्रे उचलला जातो सगळ्यांच्याच बरोबर. खिडकीपाशी बसलात तर अर्धा-पाऊण तास ट्रे मांडीवर घेऊन जागं राहायचं. शेजारून जाणाऱ्या क्रूला "आत्ता नेता येईल का" असं विचारा. गॅलीतल्या ट्रॉलीत जागा असेल तर नेतात.

वाइन घेऊन झोप लागते, हे अर्धसत्य आहे. लवकर लागते, पण उत्तररात्री तुटक होते. २०२४ मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जर्मन प्रयोगात ८,००० फुटांच्या दाबात मद्य घेऊन झोपलेल्या तरुण, निरोगी लोकांच्या रक्तातला ऑक्सिजन ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला होता आणि नाडीचे ठोके वाढले होते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असलेल्यांनी तर नकोच.

उत्तर – साखरेचा हिशेब

वडिलांबद्दल. "जेवण सोडा, झोपा" हा सल्ला त्यांना जसाच्या तसा लावू नका.

जेवणाआधीचं जलद इन्सुलिन ट्रे समोर आल्यावरच घ्यायचं. ट्रॉली दोन रांगांवर दिसली म्हणून सुई टोचली आणि हादऱ्यांमुळे वाटप थांबलं, तर अर्ध्या तासात साखर उतरू लागते. विमानात जेवणार नसतील तर त्या जेवणाचं जलद इन्सुलिन घ्यायचं नाही; दीर्घकाळ चालणारं मात्र बंद करायचं नाही. पाच तास पुढे जाताना दिवस आखूड होतो, त्यामुळे त्याच्या वेळेत किंवा मात्रेत बदल लागू शकतो. तो डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

गोळ्या कुठल्या आहेत तेही बघा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर जेवण चुकल्याने साखर सहसा धोकादायक उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांनी उतरते, आणि झोपेत उतरली तर कळतही नाही. शिवाय 'डायबेटिक मील'मध्ये पिष्टमय पदार्थ कमी असू शकतात, म्हणून नेहमीच्या डोसाला ते अपुरं पडू शकतं. साधं जेवण घेऊन गोड बाजूला ठेवणं सोपं.

इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा. सामानकक्षात गोठलं तर निकामी होतं. १५ ग्रॅम ग्लुकोज खिशात, डोक्यावरच्या कप्प्यात नव्हे. साखर ७० mg/dL च्या खाली गेली तर ते द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. झोपेची गोळी मात्र त्यांना देऊ नका: उतरलेल्या साखरेची लक्षणं झाकली जातात, आणि तासन्‌तास न हलल्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

प्रश्न – सामानसुमान

खूप उपयोगी. आमचं ठरलं: मी विमानतळावर जेवून झोपणार, वडील विमानातलं जेवण घेतील, नाश्त्याला दोघेही उठू. एक शंका: तिथली वेळ लवकर अंगवळणी पडावी म्हणून उतरल्यावर उन्हात फिरा म्हणतात, ते सरसकट खरं का?

उत्तर – तिसरी रांग

सरसकट नाही. शरीराचं तापमान पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या दोन-तीन तास आधी, सगळ्यात खाली असतं. त्यानंतर मिळालेला उजेड शरीराचं घड्याळ पुढे सरकवतो, त्याआधीचा मागे ढकलतो. तुम्ही उतराल तेव्हा शरीराचे साडेपाच वाजलेले असतील, म्हणजे रोज सातला उठत असाल तर तो बिंदू नुकताच मागे गेलेला. ऊन घ्या, लगेच घ्या. नऊ तास पुढे जाऊन सकाळी सहाला उतरणाऱ्याचे मात्र शरीरात रात्रीचे नऊच वाजलेले असतात. त्याने दुपारपर्यंत गडद चष्मा लावावा.

पूर्वेकडे जाताना विमानातच लवकर उजाडतं, आणि तो उजेड तुमच्या त्या बिंदूच्या आधी डोळ्यांवर येतो. शेजाऱ्याने खिडकीचं शटर उघडलं तर उपाय नाही, म्हणून डोळ्यांची पट्टी स्वतःची न्या, नाकाजवळ फट न राहणारी. आणि नाश्त्याला उठणार असाल तर क्रूला "नाश्ताही नको" म्हणू नका. सांगायचं ते "जेवण नको, नाश्त्याला उठवा" एवढंच.