मदत हवी आहे: १९८६ ची पोर्शे ९४४ सेल्फ घेते, पण चालू होत नाही

गराजवासी
नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची ९४४, टर्बो नसलेली, २.५ लिटर, मॅन्युअल. ठिकाण न्यू जर्सी. हिवाळाभर गराजमध्ये उभी होती, बॅटरीला मेंटेनर लावलेला. आता सेल्फ खणखणीत फिरतो, पण इंजिन पकडत नाही. साधं खोकतही नाही. चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंपाचा आवाज येत नाही. फ्यूज शाबूत आहेत, टाकी अर्ध्याच्या वर भरलेली. हिवाळ्याआधी एका वर्कशॉपमधून इंजिनवरचे पेट्रोलचे होज बदलून घेतले होते. त्यानंतर गाडी घरापर्यंत व्यवस्थित आली. पंप गेला असं धरून नवा मागवायच्या बेतात आहे. त्याआधी काही बघायचं राहिलंय का?

पाना_बारा
पंप मागवू नका. या गाडीत नुसती चावी ऑन केल्यावर पंप वाजतच नाही. इंजिन फिरतंय असा सिग्नल मिळाला की मगच डीएमई, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंपाचा रिले (विजेने चालणारा स्विच) ओढतो. आजकालच्या गाड्यांची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो आणि चांगला पंप उतरवून ठेवतो.

सगळ्यात आधी, यापुढे सेल्फ मारण्यापूर्वी, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा. रोटर थेट कॅमशाफ्टच्या तोंडावर बसलेला आहे. कुणाला तरी एखादा सेकंद सेल्फ मारायला सांगा आणि रोटर फिरतो का बघा. फिरत नसेल तर टायमिंग बेल्ट गेला, तिथेच थांबा. हे इंजिन बेल्ट तुटला की पिस्टनने व्हॉल्व्ह वाकवणारं आहे, पुढची प्रत्येक फेरी खर्च वाढवेल.

रोटर फिरला तर टोपी बसवा, पुन्हा सेल्फ मारा आणि आरपीएमच्या काट्यावर नजर ठेवा. काटा थोडा तरी थरथरायला हवा. तसंच एका स्पार्क प्लगची वायर काढून स्पार्क टेस्टर लावा आणि त्याची दुसरी बाजू इंजिनच्या धातूला पक्की जोडा. वायर हातात धरून स्पार्क बघायचे उद्योग नकोत. या तीन गोष्टी कळवा, मग बोलू.

सांताक्लारा_कर
माझं मत: सरळ डीएमई रिले बदला. या गाड्यांचा तोच जुना रोग. आतले सोल्डरचे टाके वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतात. एक सुटा रिले डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवावा.

पाना_बारा
रिलेवर संशय रास्त आहे, पण बदलायची घाई कशाला? जंपर, म्हणजे रिलेच्या जागी थेट जोडणारी वायर, लावून दोन मिनिटांत निकाल लागतो. हा रिले म्हणजे एका डबीत दोन रिले: एक भाग डीएमईला वीज देतो, दुसरा पंपाला. रिले उपटा. सॉकेटवर आकडे असतात. ३० म्हणजे बॅटरीची थेट वीज, ८७ म्हणजे डीएमई, ८७बी म्हणजे पंप. जाड वायरचा तीन टोकांचा जंपर करा, ३० च्या टोकाला फ्यूज घाला आणि तिन्ही जोडा. पंप लगेच वाजला पाहिजे, चावीशिवायही. नाही वाजला तरच पंप, त्याची वायर किंवा अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) यांच्या मागे लागा. काम झालं की जंपर काढा, नाहीतर पंप रात्रभर चालत राहील.

आणखी एक. होज बदललेले आहेत, तेव्हा जंपर लावण्याआधी कुणालातरी बॉनेटपाशी उभं करा. प्रेशर येताच फ्युएल रेलचे (इंजेक्टरना पेट्रोल देणाऱ्या नळीचे) सांधे ओले होतात का ते बघायचं. जवळ अग्निशामक हवाच. ९४४ इंजिनवरच्या जुन्या होजमुळे पेट घेण्याबद्दल बदनाम आहे, नवे होज नीट आवळलेले नसले तरी धोका तोच.

कोकणचा_राजू
ईथर स्प्रे मारून बघा ना, पेट्रोलचा प्रश्न आहे की करंटचा ते लगेच कळेल.

पाना_बारा
राजूभाऊ, या गाडीत नको. हवेच्या मार्गात झडपेचं एअरफ्लो मीटर (हवा मोजणारं यंत्र) आहे. मागे बॅकफायर झाला तर ती झडप वाकते किंवा अडकते, आणि चालू गाडी बंद पाडायची नवी सोय होते. शिवाय स्पार्कच नसेल तर ईथर काय करणार?

गराजवासी
सगळं केलं. रोटर फिरतो. आरपीएमचा काटा शून्यावर मेल्यासारखा. स्पार्क नाही. सेल्फ मारताना पंप गप्प. जंपर लावल्यावर पंप गुणगुणायला लागला, गळती कुठेच नाही. जंपर ठेवूनच सेल्फ मारला: काटा तसाच, स्पार्क नाही.

पाना_बारा
छान, आता मैदान बरंच लहान झालं. पंप, स्पार्क, काटा तिन्ही एकदम मेले, म्हणजे दोष तिघांच्या सामाईक मुळाशी. जंपरने रिले बाजूला केला, तरी स्पार्क आला नाही. उरले: डीएमईला इंजिनची गती सांगणारे सेन्सर, इग्निशन स्विच, अर्थ, आणि सगळ्यात शेवटी खुद्द डीएमई.

आधी स्विच, कारण ते सोपं. कॉइलच्या १५ नंबरवर मल्टिमीटर लावा आणि सेल्फ मारतानाच व्होल्टेज बघा. जुन्या स्विचचा एक नखरा असतो: चावी ऑनला १२ व्होल्ट दाखवतो आणि स्टार्टला नेली की शून्य. सेल्फ फिरताना बॅटरीचं व्होल्टेज थोडं उतरणारच, १० च्या आसपास मिळालं तर स्विच ठीक. पूर्वी कुणी बाहेरचा अलार्म बसवला असेल तर त्याची कापाकापीही शोधा.

मग सेन्सर. बेलहाउसिंगवर, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या कवचावर, दोन शेजारी शेजारी आहेत. एक फ्लायव्हीलच्या दात्यांवरून गती मोजतो, दुसरा फ्लायव्हीलमधल्या एका स्क्रूवरून फेरीची खूण पकडतो. त्यांच्या वायरीचे प्लग इंजिनच्या मागच्या बाजूला, फ्युएल रेलच्या शेवटाजवळ. म्हणजे होज बदलणाऱ्याचा हात नेमका तिथे गेलेला असणार. दोन्ही प्लग एकसारखे असल्याने अदलाबदल होते. हार्नेसवर (गाडीच्या वायरींच्या जुडग्यावर) डीजी आणि बीजी अशी खूण असते: डीजी गतीचा, बीजी खुणेचा. तुमची गाडी त्यानंतर चालली, तेव्हा अदलाबदल नसावी. हिसका बसला असेल.

चावी बंद करून प्लग सोडवा आणि सेन्सरच्या बाजूने मोजा. १ आणि २ मध्ये ६०० ते १६०० ओहम. ३ नंबर शील्डचा (केबलमधल्या संरक्षक जाळीचा), त्याच्याशी १ किंवा २ जोडलेला दिसता कामा नये, मेगाओहममध्ये आकडा हवा. मोजताना केबल हलवत राहा. स्थिर केबलवर चांगला दिसणारा सेन्सर हलवल्यावर खरं बोलतो.

गराजवासी
कॉइलवर सेल्फ मारताना १०.२. अलार्म नाही. बीजीचा सेन्सर ९८० ओहम, हलवला तरी तेवढाच. डीजीचा आधी ९६० दाखवत होता. केबल प्लगपाशी जरा वाकवली आणि मीटर अनंतावर गेला. जवळून पाहिलं तर प्लगच्या तोंडाशी केबलचं वरचं आवरण चुरा होऊन बोटाला लागतंय, आतलं तांबं हिरवं पडलंय.

सांताक्लारा_कर
सापडला! रिलेचं माझं म्हणणं मागे. नवा प्लग क्रिंप करून निभेल का?

पाना_बारा
तात्पुरतं निभेल, पण उष्णतेने केबल सगळीकडेच कडक झालेली असते. दोन्ही सेन्सर एकदमच बदला, दुसऱ्याचंही वय तेच आहे. हार्नेसच्या बाजूचे प्लगही तपासा. ते ठिसूळ असतील तर नव्या सेन्सरला जुना त्रास होईल.

काढताना: ॲलन बोल्ट आहेत आणि जागा अडचणीची. लांब एक्स्टेंशन घ्या, बोल्टचं डोकं आधी साफ करा, नाहीतर ॲलन की आतच गोल फिरेल. सेन्सर ब्रॅकेटमध्ये जाम बसलेले असतात. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा आणि सेन्सर गोल फिरवत सैल करा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं तर तुकडा आतच राहतो.

गराजवासी
सेन्सर आणि फ्लायव्हीलमधला गॅप किती? आणि तो मोजायचा कसा, तिथे फीलर गेज जाईलसं वाटत नाही.

पाना_बारा
०.८ मिमी, थोडं इकडेतिकडे चालतं. ब्रॅकेट हलवलं नसेल तर बहुधा जुळलेलाच राहील, तरी खात्री करा. गतीच्या सेन्सरच्या तोंडाला ०.८ मिमी जाडीचा वॉशर गोंदाच्या थेंबाने चिकटवा. सेन्सरखाली दाता यायला हवा, दोन दात्यांमधली खाच नव्हे. त्यासाठी क्रँकच्या पुढच्या बोल्टवर २४ चा सॉकेट लावून इंजिन घड्याळाच्या दिशेनेच फिरवा. उलटं फिरवलं तर बेल्ट दाता सोडू शकतो. ब्रॅकेटचे बोल्ट सैल करून वॉशर दात्याला टेकवा आणि आवळा. दोन्ही सेन्सर त्याच ब्रॅकेटवर असल्याने दुसऱ्याचा गॅप आपोआप येतो. मग सेन्सर काढून वॉशर सोलून टाका. तो तसाच राहिला तर फ्लायव्हील घासून सेन्सर खाईल.

प्लग जोडण्यापूर्वी डीजी-बीजी पुन्हा वाचा, जंपर काढून रिले बसवा. पहिल्या सेल्फला काट्याकडे बघा: थरथरला की काम झालं. नाही थरथरला तर आधी प्लगची अदलाबदल तपासा, त्यानंतर इंजिनच्या मागचा अर्थ घासून साफ करा. डीएमई उघडायचा विचार त्याच्याही नंतर. आणि बेल्ट शेवटचा कधी बदलला त्याचा कागद शोधा. जाणकार ३०,००० मैल किंवा ४ वर्षं, जे आधी येईल ते धरतात. कागद सापडला नाही तर बेल्ट जुना समजून बदला, मगच लांब पल्ल्याला न्या.