मदत हवी आहे: पियानो शिकायला स्वस्तातला कीबोर्ड कोणता घेऊ? (आज रात्रीच ऑर्डर करायचीय)

शेवग्याची_शेंग
मंडळी, पियानो शिकण्यासाठी कीबोर्ड हवा आहे. खरा पियानो परवडणार नाही हे उघड आहे. एका साईटवर ६१ कीजचा कीबोर्ड, सोबत माईक, स्टँड आणि कीजवर लावायचे स्टिकर असं सगळं मिळून ५,४९९ ला आहे. ऑफर आज रात्री १२ ला संपते. घेऊन टाकू का? की कॅसिओ-यामाहाच बघू? त्यांची मॉडेलं बघून डोकं गरगरतंय, नुसते आकडे आणि सगळे दिसायला सारखे. गूगल करून झालंय, त्यामुळे ज्यांनी स्वतः वापरलाय त्यांनीच सांगा. प्लीज लवकर.

काळी_चार
बजेट किती? शिकणार कोण, वय काय? क्लास लावलाय की यूट्यूब? पियानोच शिकायचाय की कीबोर्ड? हे दोन वेगळे प्रकार आहेत. ट्रिनिटीच्या परीक्षांनासुद्धा दोघांचे अभ्यासक्रम वेगळे असतात.

चिवडा_चिकित्सक
ती ऑफर आज रात्री संपेल आणि उद्या सकाळी परत सुरू होईल. निवांत झोपा.

भडंगवाला
ताई, मुलांचं काही खरं नसतं, आज पियानो आणि उद्या स्केटिंग. माझ्या पुतण्याला कॅसिओचा एसए मालिकेतला छोटा घेऊन दिला होता. तीन-साडेतीन हजारांत काम झालं. मोडला तरी वाईट वाटत नाही.

काळी_चार
भडंगवाला, त्या मालिकेतल्या कीज बारक्या असतात. त्यावर बोटं बसली की मोठ्या कीबोर्डवर उडी चुकते, सा वरून वरच्या सा वर जायला हात कमी पडतो. धागाकर्त्यांनी कुठलाही कीबोर्ड घेताना टेप लावून बघावं. लागोपाठच्या सात पांढऱ्या कीजची रुंदी साधारण साडेसोळा सेंटीमीटर भरली पाहिजे. खऱ्या पियानोची तेवढीच असते.

शेवग्याची_शेंग
मी ताई नाही, दादा आहे. बजेट १०, फार तर १५. क्लास लावलाय. वयाचा काय संबंध? कीबोर्ड कोणता एवढंच विचारलंय.

भाता_सांभाळा
माझं ऐका, आधी पेटी घ्या. पेटीवर सूर कानात बसतो. कीबोर्डवर बटण दाबलं की ताल, दुसरं दाबलं की सनई, तिसरं दाबलं की कुत्रा भुंकतो. ते खेळणं आहे. चांगली पेटी पोरांच्या पोरांपर्यंत टिकते, वीज लागत नाही.

सोल्डरगन
काका, पियानो विचारलाय.
धागाकर्ते, त्या ५,४९९ वाल्याच्या वर्णनात 'टच रिस्पॉन्स' किंवा 'व्हेलॉसिटी सेन्सिटिव्ह' असं कुठे लिहिलंय का बघा. 'पियानो स्टाईल कीज' असं लिहिलेलं असेल तर तो फक्त आकार झाला. टच असलेल्या कीबोर्डात एकेका कीखाली दोन संपर्कबिंदू असतात. की दाबताना आधी पहिला टेकतो, मग दुसरा, आणि मधल्या वेळावरून आपण हळू दाबलं की जोरात ते यंत्राला कळतं. स्वस्तातल्यांत एकच बिंदू असतो. हळुवार दाबा नाहीतर बुक्की मारा, आवाज तेवढाच. पियानोत हळू-मोठं हाच तर सगळा खेळ आहे, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका.
दुसरं म्हणजे मागच्या बाजूला सस्टेन पेडलचं (पायाने दाबलं की सूर लांबवणारं) भोक आहे का ते बघा. सुरुवातीला पेडल लागत नाही, पण पुढे लागतंच आणि भोक नंतर पाडता येत नाही.

निमूट_नर्मदा
मुलीसाठी आम्ही यामाहा पीएसआर-एफ५२ घेतला. आवाज छान आहे, वजनाला हलका, वर्षभर काही तक्रार नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

सोल्डरगन
एफ५२ ला टच नाही. ई२७३ लाही नाही, त्याला पेडलची सोय मात्र आहे. यामाहात टच हवा तर ई३७३ पासून पुढे. कॅसिओत सीटी-एस१०० आणि एस२०० ला नाही, एस३०० ला आहे. तिन्ही दिसायला जुळी भावंडं, म्हणून दुकानदार काय उचलून देतोय त्यावर लक्ष ठेवा.

निमूट_नर्मदा
आमच्या बाईंनी चालेल म्हटलं होतं. मुलगी गॅदरिंगमध्ये वाजवते. असो.

म्हापशेकर
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. पियानो शिकायचा तर ८८ कीज आणि त्याही वजनदार. यामाहा पी-४५ किंवा रोलंड एफपी-१०. आमच्याकडे गोव्यात चर्चमधल्या मास्तरांकडे सोल्फा (डो-रे-मी, म्हणजे तिकडचं सा-रे-ग) घोटून घेतल्यावरच पोरं वाद्याला हात लावायची, आणि वाद्य म्हणजे वाद्य. स्प्रिंगच्या हलक्या कीजवर बोटांना ताकद येत नाही. ६१ वर पियानो शिकणं म्हणजे बादलीत पोहायला शिकणं.

काळी_चार
बजेट १५ आहे. पी-४५ त्याच्या दुपटीत तरी येतो का? आणि पहिली दीड-दोन वर्षं जे वाजवायचं असतं ते मधल्या चार सप्तकांच्या बाहेर क्वचितच जातं. ६१ मध्ये पाच मिळतात. बादली तर बादली, माणूस पाण्यात तरी उतरू दे.

म्हापशेकर
सेकंड हँड बघा. लोक हौसेने घेतात आणि वर्षभरात कपडे वाळत घालतात त्यावर. पी-४५ वीस-बावीसला मिळून जातो.

चिवडा_चिकित्सक
सेकंड हँड घेताना प्रत्येक की हळू आणि जोरात, दोन्ही दाबून बघा. सगळ्या, काळ्यासुद्धा. मालक शेजारी उभा राहून 'वाजतंय हो सगळं' म्हणत राहील, लक्ष देऊ नका. हेडफोन लावून बघा, ते भोक सैल झालेलं असतं. पेडल नेऊन लावून बघा. पेडल उलटं चाललं, म्हणजे पाय काढल्यावर सूर लांबला, तर वाद्य बिघडलेलं असेलच असं नाही. बंद करून पाय न लावता परत चालू करा, बहुतेक वेळा सुधारतं.

शेवग्याची_शेंग
बरं, थोडं जास्त सांगतो. मुलगी वगैरे कोणी नाही, तुम्हीच ठरवलंत. शिकणार आहेत माझे वडील, वय ६७. बँकेतून निवृत्त. मिरजेत राहतात, मी पुण्यात. तिथे एका चर्चमध्ये वाजवणारे एक सर घरी शिकवतात, त्यांच्याकडे जायला लागलेत. स्टाफ नोटेशन (पाच रेषांवर लिहिलेले सूर) वाचायला शिकवतायत. घरी सरावाला काही नाही म्हणून डायनिंग टेबलावर कागदी कीज काढून बोटं फिरवतात. आईने फोटो पाठवला, म्हणून घाई. उजव्या हाताची दोन बोटं सकाळी जरा आखडतात. याने उत्तर बदलतं का?

काळी_चार
अहो, सगळंच बदलतं! वय विचारलं ते यासाठीच.

भाता_सांभाळा
मिरजेत राहून कीबोर्ड? तंतुवाद्यांच्या गावात? तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन गल्ल्या पलीकडे भोपळे वाळत घातलेले दिसतात आणि हे प्लास्टिक आणणार.

म्हापशेकर
भाता काका, पेटी तरी कुठे आपली? युरोपातूनच आली. १९४० ते १९७१ आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही म्हणून.

भाता_सांभाळा
बंदी उठली ना? मग. आणि पेटी बसून, मांडी घालून वाजवता येते. ६७ व्या वर्षी स्टुलावर ताठ बसवणार का त्यांना? माझं वय ७१ आहे, मला माहीत आहे कंबर काय म्हणते ते.

सोल्डरगन
पेटीचा धागा वेगळा काढा, तिथे येतो भांडायला.
शेंगदादा, तुमच्या बाबतीत म्हापशेकरांचा सल्ला मी तरी बाजूला ठेवेन. वजनदार कीजनी बोटं घडतात हे खरं, पण आखडणाऱ्या बोटांना सुरुवातीलाच तो भार नको. शिवाय पी-४५ साडेअकरा किलोचा आणि जवळपास १३३ सेंटीमीटर लांब. रोज टेबलावरून उचलून ठेवायचा असेल तर विसरा. सीटी-एस३०० सव्वातीन किलोच्या आसपास, ९३ सेंटीमीटर, वर पकडायला मूठ आहे, आई एका हाताने उचलेल. पेन्सिल सेलवरही चालतो, त्यामुळे लाईट गेली तरी सराव सुरू. यामाहा ई३७३ थोडा जड, साडेचार किलोच्या पुढे, पण त्याचा पियानोचा आवाज मला जास्त आवडतो. किंमत मात्र तुमच्या पंधराच्या वर जाईल. दोन्हीत एका वेळी ४८ सूर वाजू शकतात, म्हणजे पेडल धरून वाजवलं तरी आधीचे सूर मध्येच तुटत नाहीत.

म्हापशेकर
वडिलांचं आधी सांगितलं असतंत तर मीही तेच म्हटलं असतं. पण सरांना विचारलंत का? ते घरी कशावर वाजवतात?

शेवग्याची_शेंग
सरांकडे जुना यामाहा आहे, मॉडेल माहीत नाही. ते म्हणाले 'कुठलाही चालेल, फक्त खेळणं नको.' म्हणून तर इथे आलो.

निमूट_नर्मदा
स्टिकर लावू नका हं. आमच्या बाईंचं म्हणणं, एकदा सवय लागली की डोळे नोटेशनवर राहतच नाहीत, खालीच जातात. मधला सी ओळखायला एका कीवर पेन्सिलीची खूण पुरे. आणि नोटेशनची झेरॉक्स मोठी करून द्या, ए-४ ची ए-३. माझ्या सासऱ्यांचा निम्मा वैताग दिसत नसल्याचाच निघाला.

चिवडा_चिकित्सक
नर्मदाताई, हा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

भडंगवाला
ॲप लावून द्या की. टॅबवर सूर पडतात तसं दाबत जायचं. आमचा पुतण्या त्यावर...

काळी_चार
पुतण्या पुरे. सर नोटेशन शिकवतायत आणि काका कागदावर सराव करतायत, एवढा चिकाटीचा माणूस ॲपने बिघडवू नका.
शेंग, एक सांगायचं राहिलं. डायनिंग टेबल साधारण ७५ सेंटीमीटर उंच असतं, त्यावर कीबोर्ड ठेवला की कोपर खाली आणि मनगट वर जातं. आखडलेल्या बोटांना ते वाईट. कोपर कीजच्या पातळीला यायला हवं. एक्स आकाराचा स्टँड हजाराच्या आसपास मिळतो, त्याची उंची बदलता येते. खुर्ची बिनहाताची. पैसे उरले तर ते इथे घाला, ढीगभर आवाजांच्या मॉडेलात नको. काका सहाशे आवाजांतला पहिलाच वापरणार आहेत.

म्हापशेकर
+१. एक्स स्टँडला गुडघे अडतात मात्र. उंच असतील तर झेड बघा.

शेवग्याची_शेंग
ऑर्डर केली नाही. शनिवारी मिरजेला जातोय, बाबांना घेऊन सांगलीच्या दुकानात दोन्ही वाजवून बघतो. सरही येतो म्हणालेत. दुकानात नेमकं काय बघू, दोन ओळींत सांगा. निबंध नको.

सोल्डरगन
एकच की हळू-जोरात दाबून फरक ऐका. सेटिंगमध्ये टच बंद असू शकतो, तो चालू करायला लावा. कंपनीचा ॲडाप्टर खोक्यात आहे का बघा. नसेल तर घरातला दुसरा कुठलाही लावू नका, प्लस-मायनस उलटं निघालं तर पंधरा हजार पाण्यात.

काळी_चार
आणि बाबांना निवडू दे. तुम्ही वाजवून बघू नका.

निमूट_नर्मदा
घेतल्यावर फोटो टाका.

भडंगवाला
धागा वर आलाच आहे तर माझं पण विचारतो. पुतण्याच्या कीबोर्डच्या मधल्या तीन कीज आता वाजतच नाहीत, फार जोरात दाबल्या तरच. फेकायचा का?

सोल्डरगन
फेकू नका. खालचे स्क्रू काढा. कीजच्या खाली रबराची पट्टी असते, तिला काळे कार्बनचे ठिपके असतात. ते आणि समोरचं सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकं पुसा, पूर्ण वाळू द्या. बहुतेक वेळा धूळ किंवा सांडलेलं सरबत असतं.

भडंगवाला
अल्कोहोल म्हणजे घरात कोविडच्या वेळचं सॅनिटायझर उरलंय, ते चालेल का?

सोल्डरगन
नाही!! त्यात ग्लिसरीन असतं. तीन बंद आहेत, बत्तीस होतील.