‘ड्वार्फ’ला मराठीत काय म्हणावं?

कोथरूडवाला
एका दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी नॉर्स, म्हणजे प्राचीन स्कँडिनेव्हियातल्या, पुराणकथा मराठीत आणतोय. ओडिन, थोर, लोकी ही देवांची नावं तशीच ठेवली, पण ‘ड्वार्फ’पाशी गाडी अडली. ‘बुटके’ लिहिलं की हिमगौरी आठवते, ‘वामन’ लिहिलं की बळीच्या डोक्यावर पाय. शब्दकोश ठेंगू, खुजा, गिड्डा यांच्यापुढे सरकत नाहीत. सुचवा काहीतरी.

नारायणपेठी
‘बटू’ घ्या की. श्वेत बटू, बटुग्रह हे शब्द आहेतच. २००६ साली प्लूटोची ग्रहपदावरून उचलबांगडी झाली तेव्हा बटुग्रह सगळ्यांच्या तोंडी बसला.

एरंडवणेकर
प्लूटोला ठीक आहे हो. पण ‘डोंगराच्या पोटातून बटू बाहेर आले’ असं वाचलं की पुण्यात तरी सामुदायिक मुंजच डोळ्यांपुढे येणार.

कसबेकर
सगळेजण उंचीवरूनच शब्द शोधताय, घोटाळा तिथेच आहे. जुन्या नॉर्समधला मूळ शब्द ‘ड्वेर्ग’. एड्डा या जुन्या नॉर्स कथा-काव्यग्रंथांमधल्या ड्वेर्गांचं वर्णन वाचलं तर ते काय घडवतात आणि कुठे राहतात याला महत्त्व आहे, उंचीला नाही. ‘व्होलुस्पा’ या काव्यात ते रक्तातून आणि हाडांतून निर्माण होतात. तेराव्या शतकातला आइसलँडचा लेखक स्नोरी वेगळंच सांगतो: यमीर या आदिदैत्याच्या मांसात ते आधी किडे म्हणून वळवळत होते, मग देवांनी त्यांना माणसाचं रूप आणि बुद्धी दिली. त्याच यमीरच्या कवटीचं आकाश केलं आणि ते तोलायला चार कोपऱ्यांत चार ड्वेर्ग उभे केले. त्यांची नावं दिशांचीच: ऑस्ट्री, वेस्ट्री, नॉर्ड्री, सुड्री. आपल्या दिग्गजांचं काम करणाऱ्यांना ‘गिड्डे’ कसं म्हणायचं?

आणि त्यांची कारागिरी बघा. लोकीने खोडसाळपणे थोरच्या बायकोचे, सिफचे, केस कापले. ते भरून द्यायला इवाल्डीच्या मुलांकडून सोन्याचे केस करून घेतले. त्यांनी सोबत ओडिनचा भाला आणि घडी घालून थैलीत ठेवता येईल असं जहाजही घडवलं. मग लोकीला चेव आला. ब्रोक नावाच्या ड्वेर्गाशी त्याने स्वतःचं डोकं पणाला लावलं, की तुझा भाऊ याच्या तोडीचं काही घडवूच शकणार नाही. भाऊ भट्टीपाशी, ब्रोक भात्यावर. लोकी माशी होऊन ब्रोकला चावत राहिला. शेवटी पापणीवर असा डसला की डोळ्यांत रक्त उतरलं, ब्रोकने क्षणभर भाता सोडून माशी झटकली, आणि थोरच्या हातोड्याचा दांडा आखूड राहिला. अख्ख्या गोष्टीत आखूड आहे तो दांडा, घडवणाऱ्यांच्या उंचीबद्दल अवाक्षर नाही.

वज्रधारी देव आणि त्याचं शस्त्र घडवणारा कारागीर ही जोडी आपल्याकडेही आहे. ऋग्वेदात इंद्राचं वज्र त्वष्ट्याने घडवलं. आमच्या तांबट आळीतले त्वष्टा कासार आपलं नाव त्याच त्वष्ट्याशी जोडतात. मठारकामाचे ठोके ऐकत ही गोष्ट मुलांना सांगितली तर समजावून सांगायला फारसं काही उरत नाही. तरीही ‘कासार’ किंवा ‘लोहार’ हा शब्द इथे घेऊ नका. ती जिवंत माणसांची ओळख आहे, किड्यांतून जन्मलेल्यांना चिकटवू नये.

माझं मत ‘गुह्यक’ला. अमरकोशात यक्ष, गंधर्व, किन्नर यांच्या पंगतीतली ही देवयोनी. कुबेराचे अनुचर, खजिन्याचे राखणदार, आणि नावातच गुह् म्हणजे लपवणं.

एरंडवणेकर
राखणदार मान्य, पण गुह्यक घडवतात कुठे? ते नुसते सांभाळतात.

कसबेकर
रास्त शंका. उत्तर नाही, पण एक योगायोग देतो. कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यात एक बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष सापडला. आता तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की ही मूर्ती कान्हदास नावाच्या सोनाराने केली.

डेक्कनवासी
गुह्यकच्या बाजूने आणखी एक मुद्दा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टोल्किनने गांडाल्फ, थोरिन ही नावं ‘व्होलुस्पा’तल्या ड्वेर्गांच्या यादीतूनच उचलली, पण त्यांना इतिहास स्वतःचा दिला. औले या कारागीर देवाने सात मूळपुरुष घडवले, विश्वकर्त्याची परवानगी न घेता. मग त्यांना झोपवून ठेवावं लागलं, कारण एल्फ या अमर जमातीच्या आधी कोणी जागं व्हायचं नव्हतं. सर्वांत वडील डुरिन, त्याची राजधानी खझाद-दूम. तिथे मिथ्रिल या मौल्यवान धातूच्या लोभाने इतकं खोल खणलं की खाली दडलेला बालरॉग हा अग्निराक्षस जागा झाला आणि नगरी ओस पडली. हे ड्वार्फ आपली भाषा परक्यांना सहसा शिकवत नाहीत आणि खरी नावं तर थडग्यावरसुद्धा कोरत नाहीत. याहून गुह्य ते काय!

नारायणपेठी
सगळं छान, पण सातवीतली पोरं ‘गुह्यक’ वाचून फिदीफिदी हसतील. त्यांना ‘गुह्य’ शब्द एकाच अर्थाने माहीत असतो.

कोथरूडवाला
हे डोक्यातच आलं नव्हतं. मग पहिल्यांदा ‘ड्वेर्ग, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारे कारागीर’ असं लिहितो आणि पुढे नुसतं ‘ड्वेर्ग’. लोकीला आणि थोरला जो न्याय, तोच यांना.

डेक्कनवासी
चालेल. जुन्या नॉर्समध्ये प्रतिध्वनीला ‘ड्वेर्गमाल’ म्हणत, म्हणजे ड्वेर्गांची बोली. सिंहगडावर ओरडून उत्तर मिळवणाऱ्या मुलांसाठी तेवढी तळटीप टाकाच.

एरंडवणेकर
आणि आल्वीस नावाच्या ड्वेर्गाची गोष्ट घेताय ना? तो थोरच्या मुलीला मागणी घालायला येतो. पृथ्वी, आकाश, चंद्र यांना देव काय म्हणतात, दैत्य काय म्हणतात, एल्फ काय म्हणतात, असं थोर त्याला एकेक विचारत बसवतो. हा पठ्ठ्या रात्रभर उत्तरं देतो आणि उजाडल्यावर उन्हात सापडून कामातून जातो. शब्दचर्चेत जागणाऱ्यांनी जरूर वाचावी.

कसबेकर
वाचलीय, म्हणूनच आता झोपतो. कोथरूडवाले, उद्या ‘एल्फ’ला काय म्हणायचं ते विचारालच, तेव्हा ‘यक्ष’ तिकडे खर्च करू नका.