मदत हवी आहे: जुना एचएमटी २५११ (झेटर) धानाच्या चिखलणीसाठी तयार करतोय, मागच्या हाउसिंगमध्ये पाणी जातंय

नमस्कार मंडळी,

जुन्या ट्रॅक्टरची, त्यातही चिखलात चाललेल्या ट्रॅक्टरची माहिती असणाऱ्यांची मदत हवी आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडचं कुणी असेल तर फारच बरं. कोकणातल्या आणि छत्तीसगडला लागून राहणाऱ्यांनीही जरूर लिहावं.

ट्रॅक्टर एचएमटी २५११. गावात त्याला कुणी एचएमटी म्हणत नाही, झेटरच म्हणतात. दोन सिलिंडर, २५ अश्वशक्ती. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने हरियाणात पिंजोरच्या कारखान्यात १९७१ पासून एचएमटीचे ट्रॅक्टर बनू लागले, त्या सुरुवातीच्या मॉडेलांतला हा. आजोबांनी तो वापरलेलाच घेतला होता. इंजिन अजून दणकट आहे, थंडीतही फार त्रास देत नाही. नोझल आणि डिझेल पंप नागपूरला तपासून आणले आहेत, त्याबद्दल प्रश्न नाही.

अडचण मागच्या हाउसिंगमध्ये आहे, म्हणजे मागचा एक्सल आणि गिअर ज्या तेल भरलेल्या पेटीत असतात तिथे. कोरड्या नांगरणीला, ट्रॉलीला काहीच होत नाही. पण बांधीत (बांध घातलेल्या धानाच्या शेतात) पाणी भरून चिखल करायला घातला की तेल पांढरट होतं आणि पातळीही वाढते. म्हणजे पाणी आत जातंय हे नक्की. एवढ्या वर्षांत सीलचं रबर कडक होणारच, त्यामुळे मिस्त्रींनी मागच्या चाकांच्या दोन्ही ऑइल सील बदलल्या. बाजारात मूळ क्रमांकाची सील मिळाली नाही, मापाने जुळणारी बसवली. तरी पुढच्या चिखलणीत तेच. कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला, त्यामुळे सुटे भाग आता जुन्या दुकानदारांकडे उरलेत तेवढेच.

माझे प्रश्न:

सील सोडून पाणी आत यायच्या आणखी कोणत्या वाटा असतात? चिखलात चालवताना जुने ड्रायव्हर काय खबरदारी घेत? आणि एवढ्या हलक्या ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील (चिखलात न घसरणारी पिंजऱ्यासारखी चाकं) टायर काढून लावायची की टायरच्या बाजूला जोडायची? आमच्याकडे दोन्ही पाहिलंय, पण कारण विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तेही लिहितो. नवीन ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, रोवणी त्यावर अडलेली नाही. पण आमच्या बांध्या मामा (माजी मालगुजारी) तलावाखालच्या, लहान लहान, आणि बरीच जमीन कन्हार, म्हणजे काळी, भारी, चिकण. ५० अश्वशक्तीचा जड ट्रॅक्टर दरवर्षी घातला की चिखलाखालचा कडक थर फुटतो. तो थर पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पायांनी आणि नांगराच्या तळाने दाबून झालेला असतो, त्याच्यामुळेच बांधीत पाणी टिकतं. फुटला की पाणी मुरतं आणि पुढच्या वर्षी ट्रॅक्टर आणखी खोल रुततो. आमच्या दोन बांध्यांत बाया रोवणीला उतरतात तेव्हा गुडघ्याच्या वर पाय जातात, पूर्वी असं नव्हतं. हलका झेटर इथे खरंच कामाचा आहे असं माझं ठाम मत आहे.

शिवाय या ट्रॅक्टरने आमच्याकडे फक्त चिखल केला नाही. दिवाळीनंतर पुंजणे (कापलेल्या धानाचे ढीग) मोडून खळ्यावर धान पसरायचं आणि बैलांच्या दावणीऐवजी झेटर गोल फिरवायचा, रात्रभर. लहान मुलांना मडगार्डवर बसायला मिळायचं. टायरखाली धान चुरलं की दाणा काही प्रमाणात तडकायचा आणि गिरणीत कणी जास्त निघायची, म्हणून आजी बियाण्याचं धान मात्र बैलांनीच चुरून घ्यायची. तेव्हा बांध्यांत धानही एचएमटीच असायचं. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी ‘पटेल ३’ मधून निवडून वाढवलेलं ते वाण. त्याला नाव मिळालं ते एचएमटीच्या घड्याळावरून, ट्रॅक्टरवरून नव्हे. पण आमच्या घरी दोन्ही एकाच वेळी होते.

आता चुरणे राहिलंच नाही, हार्वेस्टर येतो. आमच्याकडे आधी पंजाबकडून चाकांचे आले. ते गव्हाला उत्तम, पण ओल्या बांधीत अडकायचे आणि काढायला ट्रॅक्टरच बोलवावे लागायचे. चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारे चेनवाले आल्यावर प्रश्न सुटला. कुणाकडे त्या सुरुवातीच्या हार्वेस्टरांचे फोटो असतील तर इथे टाका. भारतात बनलेला पहिला स्वयंचलित हार्वेस्टर स्वराज ८१००, १९८० चा. तो आपल्या भागात धानात चालताना कुणी पाहिलाय का, हेही जाणून घ्यायचं आहे.

मृग लागायच्या आत काम उरकायचं आहे.

प्रतिसाद, लाखांदूरहून

भाऊ, सील दोनदा बदलण्याआधी चाक जॅकवर उचला आणि वर-खाली हलवून पाहा. बेअरिंगला खेळ असेल तर शाफ्ट डोलतो आणि कोणतीही नवी सील दोन दिवसांत ढिली पडते. मिस्त्री लोक सील बदलतात, बेअरिंगकडे पाहत नाहीत.

दुसरं, शाफ्टवर सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नखाने चाचपा. खाच लागली तर नवी सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. थोडी आत किंवा बाहेर सरकवून बसवा, नाहीतर लेथवाल्याकडून शाफ्टवर पातळ बुश (धातूची नळी) चढवून घ्या. सील घेताना शाफ्टचा व्यास, हाउसिंगचा व्यास आणि जाडी ही तिन्ही मापं कॅलिपरने घ्या, आणि दुहेरी ओठांची मागा. आतला ओठ तेल धरतो, बाहेरचा चिखल अडवतो. साध्या सीलला बाहेरचा ओठच नसतो.

प्रतिसाद, सावंतवाडीहून

आमच्याकडे पॉवर टिलरच जास्त, पण पाण्याचं गणित तेच. ब्रीदर, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर करणारं छोटं भोक, बघितलात का? नांगरून किंवा रस्त्याने आलेला ट्रॅक्टर तापलेला असतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा थंड होऊन आक्रसते आणि बाहेरून ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ओढ थेट सीलवर येते आणि सीलमधून पाणी आत जातं. नवी सील लावूनही पाणी येतंय म्हणजे माझा पहिला संशय यावरच. ब्रीदर डिझेलने साफ करा, त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड सीटच्या खाली उंच बांधा. आणि बांधीत उतरण्याआधी बांधावर थोडा वेळ थांबवून निवू द्या. जुने लोक हे करायचे, विडीच्या निमित्ताने का होईना.

गिअरच्या दांड्याचं रबर फाटलेलं असेल तर तिथूनही पाणी जातं, उघड्यावर उभा असेल तर पावसाचंसुद्धा.

प्रतिसाद, आमगावहून

केजव्हीलबद्दल. खोल कन्हारीत टायर काढून पूर्ण केज लावतात, कारण टायरच्या खाचा चिखलाने भरल्या की ते नुसतं घसरतं. सिहार, म्हणजे हलक्या जमिनीत टायरला जोडलेली अर्धी केज पुरते आणि रस्त्याने नेताना पटकन काढता येते. पण केज जितकी रुंद तितका एक्सलवर आणि बेअरिंगवर ताण जास्त, जुन्या गाडीला रुंद लावू नका. पुढे वजन बांधा. चिखलात मागची चाकं अडकली आणि क्लच झटक्याने सोडला की पुढचा भाग उचलतो, ट्रॅक्टर मागे उलटून माणसं गेली आहेत. अडकला तर पुढे रेटू नका, रिव्हर्सने काढा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. चाक उचलून पाहिलं. डाव्या बाजूला खेळ आहे, आणि ब्रीदर पूर्ण बुजलेला निघाला. उजवा शाफ्ट गुळगुळीत आहे, डाव्यावर खाच लागते. बुश चढवायला देतो. पूर्ण केज गावातल्या वेल्डरकडून अरुंद करून घेईन.

आता एकच अडलंय, डावं बेअरिंग. त्यावरचा क्रमांक झिजून गेलाय. कुणाकडे २५११ ची सुट्या भागांची जुनी पुस्तिका असेल तर मागच्या एक्सलच्या पानाचा फोटो टाकाल का?