अनुभव धागा: चौल-रेवदंडा पायी बघायचं तर…

अलिबागहून काशीदला जाणारी गाडी रेवदंड्यात किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरते, दुसऱ्या अंगाने बाहेर पडते, आणि आतली मंडळी विचारतात, किल्ला कुठाय? चौलचं तसंच आहे. ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीच्या काळापासून परदेशी लोकांना ठाऊक असलेलं हे बंदर आज नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या आड गेलंय. ते चालूनच सापडतं. ज्यांचे पाय तिथे मळलेत त्यांनी लिहावं: वाट, वेळ, काय चुकतं. प्रवासवर्णन नको, उपयोगाचं हवं.

आगरवाट
सुरुवात चौलपासून करा, रेवदंड्यापासून नको. अलिबाग स्टँडवरून रेवदंडा किंवा मुरूडची एसटी, उतरायचं चौल नाक्यावर. सकाळी सातच्या आसपास पोचलात तर रामेश्वराच्या पुष्करणीवर ऊन यायच्या आत तासभर मिळतो. देवळात लाकडी खांबांचा मंडप नीट बघा. जमिनीत पर्जन्यकुंड, वायुकुंड, अग्निकुंड आहेत, ती बंद असतात. पाऊस रुसला की पर्जन्यकुंड उघडायची जुनी चाल.
तिथून रेवदंड्याचा दरवाजा साधारण तीन किमी. दत्ताच्या डोंगराचा याच दिवशी हट्ट धरू नका. काही शे पायऱ्या चढून पोटऱ्या भरून आल्या की किल्ल्याच्या तटाकडे कोणी बघत नाही. दत्तजयंतीच्या जत्रेत तर वाटच मिळत नाही.

खाडीकाठ
सगळ्यात जास्त चुकते ती वेळ. समुद्राकडचा तट बाहेरून बघायचा तर ओहोटी लागते, आणि लोक येतात सुट्टी बघून. कालनिर्णय काढा. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं.
द्वादशी: बारांची पाऊणपट नऊ, ओहोटी तीनला, ऊन डोक्यावर. चतुर्दशी: भरती साडेदहा, ओहोटी साडेचार. ही उत्तम. त्रयोदशीपासून पौर्णिमा-अमावास्येपर्यंतचे तीन दिवस धरा. उधाणाचे दिवस असल्याने पाणी मागेही लांब जातं. अष्टमीला ओहोटी भर बाराला, त्यात भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमजोर, पाणी फारसं हटतच नाही. त्या दिवशी तट आतूनच बघा.

उधाण
हिशेब बरोबर, पण पाऊण तास पुढेमागे धरा. पौर्णिमेला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बहुधा बाराला टेकते. ओहोटीच्या आधी दीड तास पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, उतरा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात वर या. तटाच्या पायथ्याशी पाणी आलं की परतायची वाट तीच उरते, आणि ती ओली असते. कुंडलिका नदीच्या मुखाकडे पोहायला उतरू नका, तिथे खाडीची ओढ असते. वाळू काळी, दुपारी अनवाणी पाय भाजतात.

चुनखडी
दरवाज्यावर पोर्तुगिजांचं राजचिन्ह कोरलंय. रहदारीचा रस्ता खालूनच जातो, म्हणून कडेला भिंतीला टेकून उभं राहून वर बघा. मधोमध फोटो काढणाऱ्याला एसटीचा हॉर्न मिळतो.
सातखणी मनोरा आता नावापुरताच सातखणी, वरचे खण गेले. हा चर्चचा मनोरा. खालून आत मान वर करून बघितलं तर मजल्यांच्या खुणा दिसतात. तेवढंच करा. वर चढायचा मोह नको. वडा-पिंपळाची मुळं चुन्याच्या सांध्यात घुसली की पावसाळ्यात दगड सैल होतो आणि बाहेरून कळत नाही. भिंतीच्या फटीत हातही नको, विंचवाकाट्याचं घर असतं.
इतिहासातलं काही हवं तर दोन गोष्टी: १५०८ मध्ये याच खाडीत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा आरमारी लढाईत मारला गेला. आणि १५व्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन घोडा विकायला घेऊन इथेच उतरला. त्याचा स्मृतिस्तंभ रेवदंड्यातल्या शाळेच्या आवारात आहे. विचारल्याशिवाय आत जाऊ नये, शाळा चालू असते.

सुपारी_सोलणारा
वाड्यांबद्दल एक. किल्ल्याच्या आतल्या बहुतेक वाटा खाजगी वाडीतून जातात. बेडं, म्हणजे वाडीचं फाटक, लावलं असेल तर हाक मारा, "जाऊ का पलीकडे?" एवढं पुरतं, सहसा कोणी नाही म्हणत नाही. गेल्यावर बेडं जसं होतं तसं लावा, नाहीतर गुरं शिरतात. वर पाडेली, म्हणजे नारळ-सुपारी उतरवणारा, चढलेला असेल तर माडाखाली थांबू नका, पूर्ण झाड ओलांडून जा. वाळकी झावळी वाऱ्याशिवायही पडते. सुपारीच्या सावलीत गारवा खरा, पण संध्याकाळी डास. पूर्ण बाह्या घाला.

खाडीकाठ
बेड्याचं राहिलंच होतं, बरं आठवण केलीत.

पलीकडचा
खाडीपलीकडचा कोर्लई किल्ला त्याच दिवशी जमतो, पण पूल पायी ओलांडू नका. मिनीडोर रिक्षा किंवा एसटी पकडा. पोर्तुगिजांनी गड घेतला १५९४ मध्ये, हे सगळं सोडून ते गेले १७४० मध्ये. गावातल्या ख्रिस्ती घरांत मात्र त्यांच्या बोलीतून घडलेली भाषा अजून बोलतात. "बोलून दाखवा" म्हणून कोणाला उभं करू नका, लोक कंटाळलेत.

आगरवाट
पावसाळ्याबद्दल विचारणा येईलच. मुंबईहून मांडव्याला येणाऱ्या लाँचेस तेव्हा बंद असतात, पुष्करणीच्या पायऱ्यांवर शेवाळ, आणि तटावरचं गवत कमरेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक. माणशी दोन लिटर पाणी, ओहोटीची वेळ सोडली तर दहा ते चार सावलीत. आणि हंगामात पांढऱ्या कांद्याची माळ सकाळीच गळ्यात घालून फिरू नका. परतताना घ्या, माना पूर्ण वाळलेल्या बघून. ओल्या मानेचा कांदा घरी पोचेपर्यंत कुजायला लागतो.